भरल्या बशीची लबाडी

आमच्या ह्यांना हे माहीत नाही. आणि ह्यांना माहीत नाही म्हणजे जगात कुणालाच माहीत नाही, कारण ह्यांच्या कानावर पडलेली गोष्ट मंडळाच्या गणपतीत माईकवरून जाहीर व्हायला वेळ लागत नाही. ऋचाला, म्हणजे आमच्या लेकीला, अर्धं माहीत आहे. तिला वाटतं तेच पूर्ण आहे. मीही तिला तसंच वाटू दिलंय.

मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मिसिसागात राहत नाही, म्हणून असेल. किंवा आज सकाळपासून बर्फ पडतोय, चहा दोनदा झालाय आणि मन भलतंच मोकळं झालंय, म्हणून. आधीच सांगून ठेवते — हे रडगाणं नाही. तुम्ही हसाल. मीसुद्धा हसते, भांडी विसळताना एकटीच. फक्त हसता हसता एका जागी माझा हात थांबतो. तिथवर न्यायचंय तुम्हाला, पण जरा आडवळणानं नेते. चालेल ना?

आमची टाउनहाउसची रांग आहे, भिंतीला भिंत लागून. आमचं घर मधलं. डावीकडे नेवीन राहते. तुर्की, इझमीरची, साठीची बाई. नवरा गेला, मुलगा दूर लव्हाल गावी, घरात ही एकटी आणि एक जाडं मांजर. मला ‘जानम’ म्हणते. त्यांच्याकडे कुणालाही म्हणतात म्हणे, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचे हे तीन दिवस मला जानम जानम करून चिडवत होते. अंगानं मजबूत. थंडीत मी ब्लँकेटमधून नाक बाहेर काढायच्या आत ही फावडं घेऊन बाहेर. स्वतःचं शोव्हल करायची, म्हणजे दारातला बर्फ उपसायची, मग थांबायचं नाव नाही, आमचंही करून टाकायची.

आम्ही राहायला आल्या आल्या तिनं दारावर बशी आणली. पांढरी, काठाला निळी ट्यूलिपची फुलं. वर द्राक्षाच्या पानांच्या बोटभर गुंडाळ्या, दिसायला अगदी अळूवडीच्या धाकट्या बहिणी. ‘सार्मा’ म्हणाली. सकाळपासून वळत बसले होते, तुझ्यासाठी, म्हणाली. आणि आत काय? — खिमा.

आता माझं सांगते. जन्म नागपूरचा, पण गल्लीच्या तोंडाशी सावजीचं हॉटेल असून मी कधी तिखट रश्श्याचा वाससुद्धा जवळून घेतला नाही. आमच्या घरात अंडंही नाही. एवढं सांगायला काय हरकत होती? ‘नेवीन, मी मांस खात नाही.’ चार शब्द. पण ती बर्फात सपाता घालून उभी, गाल लाल, डोळ्यांत लहान पोरीसारखी उत्सुकता. मी बशी घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, कसं झालं होतं? मी म्हटलं, डिलिशियस.

झालं. ‘डिलिशियस’ म्हटल्यावर दर आठवड्याला बशी. आणि माझी पंचाईत अशी की रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हे आईनं अंगात मुरवलेलं. मग मी चिवडा दे, शंकरपाळे दे. ती खूश होऊन आणखी खिमा. आणि — सांगायला लाज वाटते — ते अन्न मी ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकायची. एका रात्री रकून या इथल्या चोरट्या प्राण्यानं बिन उघडून सगळा ड्राइव्हवे सार्मांनी भरून टाकला. सकाळी ह्यांना सांगितलं, अळूवड्या बिघडल्या होत्या. ह्यांनी बिचाऱ्यांनी झाडून काढल्या.

मग दोन हजार सोळाच्या थंडीत उजवीकडे बेरीवान आली. सीरियातली, अफ्रीनकडची, कुर्द. नवरा आझाद, दोन पोरं, चार बॅगा. मध्ये दोन वर्षं तुर्कस्तानात काढलेली, मग इथल्या लोकांनी स्पॉन्सर करून आणलेलं. आझादला जवळच्या ब्रॅम्पटनच्या वेअरहाउसमध्ये काम मिळालं, तो पहाटेच जायचा. बेरीवान तिशीचीसुद्धा नव्हती. एवढंसं तोंड, आणि हसली की घर भरायची.

तुम्ही म्हणाल, वा, तुर्की शेजारीण आणि कुर्द शेजारीण, मध्ये तुम्ही! हो ना. आमचे हे जेवताना बातम्या वाढतात, त्यामुळे मला तो प्रकार तोंडपाठ होता. कुर्दांना त्यांचा असा देश नाही, चार देशांत वाटले गेलेत, सगळ्यात जास्त तुर्कस्तानात, आणि तिथे सरकारशी त्यांचं कैक वर्षांचं वैर. तुर्कांनी रशियाचं विमान पाडलं तेव्हा ह्यांनी दोन दिवस वरणभाताबरोबर तेच खाल्लं. मग वर्षाच्या आत त्या दोघांची दिलजमाई झाली तर हे रुसून बसले. आणि अमेरिकेचं तर विचारूच नका. नाटोमध्ये तुर्कांचा जिवलग मित्र, आणि इसिसशी लढायला सीरियातल्या कुर्दांच्या हातात बंदुकाही त्याच मित्रानं दिलेल्या. दोघांनाही सांगायचं, मी तुमचाच.

नेवीनच्या खिडकीत सणावाराला तुर्कस्तानचा लाल झेंडा लागायचा. लागला की बेरीवान पडदा ओढून घ्यायची. भांडण नाही, तंटा नाही. रस्त्यात भेटल्या तर ‘हॅलो’. गंमत बघा — बेरीवानला तुर्की फर्डं यायचं. त्या दोघी तासन्‌तास गप्पा मारू शकल्या असत्या. माझ्याशी मात्र दोघीही मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायच्या, आणि माझंही कुठे धड होतं!

एका शनिवारी नेवीनची बशी आली आणि मला वाटलं, टाकण्यापेक्षा त्या पोरांच्या पोटात गेलं तर? चांगलाच विचार होता हो. बशी उचलली आणि उजवीकडे गेले. बेरीवाननं एक सार्मा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. आईची आठवण झाली, म्हणाली. कुणी केलं?

आता नेवीनचं नाव सांगावं, तर ही आभार मानायला जाणार, आणि नेवीनला कळणार की तिनं प्रेमानं दिलेलं मी वाटून टाकते. मी म्हटलं, मी केलं. आमच्याकडे अळूच्या पानांचं करतात, इथे द्राक्षाची मिळाली. कसं सुचलं देव जाणे! अर्धं खरं होतं म्हणून इतकं सफाईनं आलं असेल.

दुसऱ्या दिवशी बशी परत आली. भरून. त्यांच्यातही रिकामं भांडं द्यायचं नसतं. दलियाच्या पारीत खिमा भरून तळलेले लांबट गोळे. पुन्हा खिमा! मी काय करू? ती बशी नेवीनची, म्हणजे नेवीनकडे जायला हवी, आणि भरलेली तर आहेच. नेले डावीकडे. नेवीननं एक चावला, भुवया वर. इंडियात हे करतात? मी छाती काढून सांगितलं, करतात की! कोफ्ता. नागपूरला घरोघरी.

नागपूरकरांनो, माफ करा मला.

दोन वर्षं, बाई, दोन वर्षं ती बशी माझ्या घरातून इकडून तिकडे जात राहिली. दोघी एकमेकींच्या हातचं चाटूनपुसून खात होत्या आणि कौतुक माझं. नेवीन म्हणायची, तुझ्या कोफ्त्याची सर इझमीरच्या कुठल्या हॉटेलात नाही. बेरीवान म्हणायची, तुझ्या सार्मातला पुदिना मला काही जमत नाही. आणि मी? मी विनयानं मान खाली घालायची. आयुष्यात खिम्याला हात न लावलेली बाई, दोन देशांत सुगरण म्हणून गाजत होते. मजा येत होती, खोटं कशाला सांगू? भयंकर मजा येत होती.

आणि नुसती सुगरण नव्हे. दोघीही मनातलं माझ्याकडेच ओतायच्या. सकाळी नेवीन, दुपारी बेरीवान. दोघींना मी म्हणायची, तुझंच बरोबर आहे गं. हे एकदा म्हणाले, तू अगदी अमेरिका आहेस. मी एवढी हसले की चहा सांडला.

अठराच्या जानेवारीत तुर्की सैन्य अफ्रीनमध्ये शिरलं. आता किचनमधलं हसणं कमी झालं. बेरीवानची आई तिथल्या गावात एकटी. नेवीनच्या बहिणीचा मुलगा सक्तीच्या लष्करी नोकरीवर, सीमेवर. सकाळी एकीचे डोळे पुसायचे, दुपारी दुसरीचे, त्याच खुर्चीत, त्याच टेबलापाशी. बर्फ मात्र पडतच होता, आणि एक गोष्ट मी खिडकीतून बघायची. नेवीन स्वतःचं शोव्हल करायची, आमचं करायची, आणि मग फावडं न उचलता पुढे बेरीवानच्या पायऱ्यांपर्यंत जायची. आझाद पहाटे गेलेला, पोरं घसरतील म्हणून. कुणी उठायच्या आत करून घरात. बेरीवानला वाटायचं, आमचे हे करतात. मी तेही तसंच राहू दिलं.

आलं. आपण आता त्या जागेजवळ आलो.

गुढीपाडवा होता. मी खिडकीत छोटी गुढी उभारली होती, श्रीखंड करून ठेवलं होतं, आणि ह्यांनी आतून सांगितलं, अफ्रीन पडलं. नेमकं पाडव्याला. बेरीवानच्या आईचा फोन लागत नव्हता. भिंतीतून तिचं रडणं ऐकू येत होतं, बायका दुःखात मोठ्यानं रडतात तसं.

त्या दिवशी नेवीनच्या खिडकीत झेंडा नव्हता. ती माझ्या दारात आली, हातात तीच निळ्या फुलांची बशी, त्यात रव्याचा हलवा. आपला शिराच, फक्त लोण्यात भाजलेला आणि वर चिलगोजे. त्यांच्यात घरावर दुःख आलं की रवा भाजतात. मला म्हणाली — तिचा आवाज मला अजून ऐकू येतो — जानम, हे तिला दे. माझ्याकडून आहे म्हणून सांग. मी गेले तर ती दार लावेल.

मी गेले. चार पावलांचं अंतर, ओठांवर वाक्य तयार होतं: नेवीननं पाठवलंय. बेरीवाननं दार उघडलं, बशीकडे पाहिलं आणि म्हणाली, तुझा शिरा!

माझा शिरा तिनं पूर्वी खाल्ला होता. चिलगोजे वगैरे तिच्या लक्षात आले नाहीत, त्या दिवशी तिच्या कशाच लक्षात येत नव्हतं. आणि मी — मी नाही म्हटलं नाही. बशी तीच होती ना, निळ्या फुलांची! ही नेवीनची बशी म्हटलं असतं तर आधीच्या सगळ्या बशा कुणाच्या, हे तिला कळायला किती वेळ लागला असता? दोन वर्षांचं माझं सुगरणपण एका घासात संपलं असतं. मी मान हलवली. हो म्हटलं. माझा शिरा.

पण थांबा. एवढ्यावर भागलं नाही.

तिनं शिरा दुसऱ्या वाडग्यात काढला, बशी धुतली आणि बरणी उघडली. तिच्या आईनं त्यांच्या झाडांचे ऑलिव्ह ठेचून मीठ-लिंबात मुरवून कुणा येणाऱ्याबरोबर पाठवले होते, त्यातले तळाशी उरलेले. सगळे बशीत ओतले. मी नको नको म्हणत होते. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि ही बाई म्हणते, बशी रिकामी कशी देऊ?

ती बशी घेऊन मी घरी आले. डावीकडे नेवीन पडदा बाजूला करून बसली होती. वाट बघत. हे ऑलिव्ह बेरीवाननं दिले असं म्हणावं, तर ती धावत जाऊन तिला मिठी मारणार, आणि हलव्याचा विषय निघणार. मी दिले म्हणावं, तर ऑलिव्हच्या गावात वाढलेली बाई ती, घरचे की ग्रोसरीतले हे वासावरून ओळखते. मी काय केलं? ऑलिव्ह डब्यात काढले आणि फ्रिजमध्ये ठेवले. बशी पुसली. नेवीनला नेऊन दिली. रिकामी.

तिनं विचारलं, काही म्हणाली? मी म्हटलं, काही नाही. नेवीननं बशीकडे बघितलं, मग मला म्हणाली, बरं. एवढंच.

आता तुम्हाला आतली गोष्ट सांगू? पकडली जाईन, ही भीती होतीच. पण तेवढीच नव्हती. त्या दोघींची गळाभेट झाली असती तर मधल्या घराचं काय काम उरलं असतं? सकाळी कोण आलं असतं माझ्याकडे, दुपारी कोण? हे मला त्याच वेळी कळत होतं. बशी पुसताना कळत होतं.

पुढच्या बर्फाला नेवीननं स्वतःचं शोव्हल केलं, आमचं केलं, आणि आमच्या हद्दीवर येऊन फावडं उचललं. मागे वळली. त्या महिन्यात बेरीवानचा धाकटा पायरीवरून घसरला, हनुवटीला टाके पडले. त्याला क्लिनिकला मीच घेऊन गेले, आणि बेरीवाननं माझे हात धरून आभार मानले.

तिची आई सुखरूप होती, हे सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. फोन लागला तेव्हा बेरीवान अनवाणी बर्फातून माझ्याकडे धावत आली आणि आम्ही दोघी किचनमध्ये अक्षरशः नाचलो. नेवीनचा भाचाही धडधाकट परतला. तीही आली, तिच्याबरोबरही नाचले. वेगळी नाचले.

खिम्याच्या बशा? त्या चालूच राहिल्या की! माझ्यामार्फत.

एकोणीसच्या ऑक्टोबरात अमेरिकेनं सीमेवरून आपले सैनिक मागे घेतले आणि तुर्की सैन्य पुन्हा आत घुसलं. आणि त्याच आठवड्यात, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, आमच्या ह्यांनी मला न विचारता पॉटलक ठरवलं, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ करून आणायचा. मंडळातली चार कुटुंबं, आणि — मोठ्या उत्साहानं — आपले दोन्हीकडचे शेजारी! पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आजारी पडायचा विचार केला, जमलं नाही. आमच्या ह्यांनी बेरीवानच्या पोरांना केक कबूल केलेला.

दोघी आल्या. दोघींच्या हातात झाकलेली भांडी. नेवीन सोफ्याच्या या टोकाला, बेरीवान त्या. मध्ये मंडळाचे देशपांडेकाका टोमॅटो सूप पीत बसलेले, त्यांना कशाचाच पत्ता नाही. ऋचा टेबलाशी पदार्थांची नावं विचारत होती, कुठला व्हेज, कुठला नॉनव्हेज. नेवीन म्हणाली, हे तुझ्या आईचे इंडियन कोफ्ते, खाऊन खाऊन शिकले, आज तिला सरप्राइज. लगेच बेरीवाननं झाकण उघडलं. आणि हे तुझ्या आईचे सार्मा!

आमची लेक जन्मल्यापासून इथे वाढलेली, आवाज असा की शेजारच्या गल्लीत जावा. “बट मॉम डझन्ट ईव्हन ईट मीट!”

मी फ्रिजला पाठ लावून उभी होते. धरणी दुभंगेल तर बरं, पण खाली बेसमेंट.

नेवीन उठली. बेरीवानच्या भांड्यातला एक सार्मा उचलून तोंडात घातला. चावत राहिली, आणि तिचा चेहरा बदलत गेला. तिचाच पुदिना, तिचीच दालचिनी. तेवढ्यात बेरीवाननं एक कोफ्ता फोडला, आतले अक्रोड बघितले, डाळिंबाचा आंबटपणा जिभेवर घोळवला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग नेवीननं तिला तुर्कीत काहीतरी विचारलं आणि तिनं तुर्कीत उत्तर दिलं. माझ्या घरात, माझ्यादेखत, त्या पहिल्यांदा बोलत होत्या, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं.

आणि मग ज्या हसल्या! अहो काय हसल्या! नेवीन खुर्चीवर बसली, बेरीवान तिच्या गुडघ्यावर हात मारतेय, दोघींच्या डोळ्यांतून पाणी. एक काहीतरी बोलायची, दुसरी माझी नक्कल करायची, मान खाली घालून, विनयानं, अगदी हुबेहूब. पुन्हा हशा. पोरं हसायला लागली, देशपांडेकाका हसायला लागले, आमच्या ह्यांनी विचारलं, झालं काय? मी म्हटलं, रेसिपी बोलताहेत. आणि मीही हसायला लागले, कारण त्या दोघींना तसं बघून हसू न येणं शक्यच नव्हतं. इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता.

त्यांची मतं बदलली असं मात्र समजू नका. झेंडा अजून लागतो, पडदा अजून ओढला जातो. सीमेवरचं सीमेवर चालूच आहे. पण बशी आता माझ्या खिडकीसमोरून परस्पर जाते, भरलेली जाते, भरलेली येते. मला एका शब्दानं कुणी काही बोललं नाही. फक्त माझ्या दारी येणाऱ्या सार्मात आता नुसता भात असतो, आणि कोफ्ते मसुरीचे. पहिल्यांदा दिले तेव्हा नेवीननं डोळा मारला. मी आवडीनं खाते. खरंच डिलिशियस असतात.

ऋचाला माहीत असलेलं अर्धं ते हे. ती अजून सगळ्यांना सांगून हसवते.

आज सकाळी नेवीननं तिन्ही घरांसमोरचं शोव्हल केलं, एका दमात, बेरीवानच्या शेवटच्या पायरीपर्यंत. मग हात शेकायला माझ्याकडे आली. चहा पिता पिता आपणहून म्हणाली, आठवतं, पाडव्याला तू रिकामी बशी आणलीस? मला फार लागलं होतं. दीड वर्ष मी त्या पोरीच्या पायऱ्यांकडे बघितलं नाही. किती वेडी मी! आई जिवंत आहे की नाही कळत नाही, अशा वेळी कुणाला बशीचं सुचतं? मी तिला केव्हाच माफ केलं. तिला कधी बोलणारही नाही.

मी मान हलवली. तिच्या कपात आणखी चहा ओतला.

ते ऑलिव्ह मी आठवडाभर फ्रिजमध्ये लपवले, आणि मग एका दुपारी, घरात कुणी नसताना, उभ्या उभ्या सगळे खाल्ले.